एसीपी प्रद्युम्न मुलाला गोळी घालतात तो भाग : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

'सीआयडी' १९९८ ते २०१८ चाललं, दीड हजारावर भाग झाले. पण गुन्हेगार झालेल्या नकुलला प्रद्युम्न, म्हणजे त्याचा बापच, गोळी घालतो, तो भाग आमच्या घरी कोणी विसरलं नाही. तुम्ही कुठे पाहिला, घरात काय झालं? दोन ओळीही चालतील.

पोलीस लाईन टाकळी
बाबा हवालदार. सीआयडी लागलं की ते चुका काढत बसायचे. पंच कुठे आहेत, पंचनामा कोण करून राहिलं, पुरावा असा उघड्या हातानं उचलतात का! त्या रात्री मात्र गप्प. माझा मोठा भाऊ तेव्हा दहावी नापास होऊन रिकामा फिरायचा, त्याचे दोस्तही बरे नव्हते. गोळी सुटली तशी आईनं टीव्ही बंद केला. बाबा म्हणाले, "राहू दे, लाव." अकराच्या सुमारास भाऊ आला. रोज दारातच "कुठं उंडारत होता?" व्हायचं. त्या दिवशी बाबांनी "जेवला का बे?" एवढंच विचारलं, उठून वांग्याची भाजी गरम केली, ताट वाढलं अन् तो जेवेपर्यंत समोर बसले. भावानं मालिका पाहिलेली नव्हती. बाबांना झालं काय, हे त्याला मी पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

महाल
आजी प्रद्युम्न करणाऱ्या शिवाजी साटमांना 'एक शून्य शून्य' या मालिकेपासून ओळखायची, मुंबईला मामांकडे पाहायची. तीही 'सीआयडी'वाल्या बी. पी. सिंहांचीच मालिका. भाग संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "सगळे बापाचंच बोलून राहिले. त्या पोराच्या मायचं काय झालं असंन?" पुढे कितीतरी दिवस तिचं हेच.

मानेवाडा
मला तो भाग तेव्हाही पटला नाही. मी वकील आहे. आरोपी स्वतःचा मुलगा असेल तर तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जायला हवा, आणि शिक्षा द्यायला कोर्ट आहे. १३ ऑगस्ट २००४ ला वर्षानुवर्षं छळ सोसलेल्या कस्तुरबानगरच्या बायकांनी आपल्याच जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला संपवलं. मी तेव्हा नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. पोलीस आणि कोर्ट वेळेवर धावून आले नाहीत की काय होतं, ते आपल्या शहरानं पाहिलंय. म्हणून पडद्यावर गोळीनं निकाल लागला की मला टाळी वाजवता येत नाही. साटमांचा चेहरा मात्र विसरले नाही, हेही खरं.

इतवारी
ताई, कायद्याचं बरोबर आहे. पण बापाचा जीव कसा तुटला असेल ते त्यात येत नाही ना. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं खरेदी सोडून तेच बोलत होती.

प्रतापनगर
मालिका पुन्हा सुरू झाल्यावर २०२५ मध्ये प्रद्युम्नच गेल्याचं दाखवलं तेव्हा मला आधी नकुल आठवला. तो भाग पूर्ण कुठे मिळेल? माझा मुलगा सध्या बोलत नाही माझ्याशी. त्याच्यासोबत बसून पाहायचा आहे.