उन्हाळी संस्कार शिबिर की घरातली पंधरा मिनिटं? (कोल्हापूरकरांनी मत द्यावं)

दिवेलागण (धागा):
एप्रिल लागला की राजारामपुरीपासून रंकाळ्यापर्यंत खांबाखांबावर संस्कार शिबिरांचे फलक लटकतात. दहा दिवस, रोज दोन तास, शेवटी प्रमाणपत्र. माझं मत सरळ आहे. तीन ते दहा वर्षांच्या मुलाला राग, भीती, हेवा सांभाळणं अनोळखी माणसाकडून दहा दिवसांत शिकता येत नाही. ते घरात, रोजच्या पंधरा मिनिटांत होतं.

पद्धत अशी: एक मोठा माणूस, एक मूल, फोन दुसऱ्या खोलीत. खेळ मुलानं निवडायचा. मोठ्यानं प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत. जे दिसतंय तेवढंच बोलायचं: ‘लाल ठोकळ्यावर पिवळा ठेवलास. हलतोय. तू श्वास धरलायस.’ बहुतेक घरांत दुसऱ्याच मिनिटाला ‘हा रंग कोणता, इंग्रजीत काय म्हणतात?’ सुरू होतं आणि खेळाची शिकवणी होते. दुसरी चूक याहून महागात पडते. मुलानं काही आगळीक केली की ‘आज आपला खेळ बंद!’ ही वेळ बक्षीस नाही, तेव्हा ती शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाही. भांडण झालेल्या दिवशीच तिची गरज जास्त असते. दोन मुलं असतील तर दोघांना वेगळी वेळ, मग ती दहा-दहा मिनिटं का असेना.

आणि शब्द. रुसणं, हिरमुसणं, खट्टू होणं, धुसफुसणं, वैतागणं, ओशाळणं, बावरणं, भेदरणं. मराठीत एवढं पडलंय, आणि आपण मुलाला दोनच देतो: ‘रागावलास?’ आणि ‘रडू नको’. हिरमुसलेल्या मुलाला ‘रागावलास’ म्हटलं की ते खरंच रागावतं. तीन वर्षांखालच्याला दोनातून निवडू द्या: ‘भीती वाटली की कंटाळा आला?’

पेठकरी:
ताई, निम्मं पटलं. पण त्या पंधरा मिनिटांत मोठा माणूस पोराच्या कलानं वागतो. बाहेर कोण वागतंय तसं? हरायला, थांबायला, भांडून परत बोलायला बरोबरीची पोरं लागतात. गल्लीत ही सगळी सोय आधीपासून होती. डाव खटकला की टाइमप्लीज. भांडण झालं की कट्टी, आणि कट्टी म्हणताना बट्टी व्हायची वाट उघडीच. धाकटं आलं की ते लिंबूटिंबू, म्हणजे कच्चं लिंबू: पळणार, ओरडणार, पण आऊट नाही आणि त्याच्यावर राज्य नाही. पाच वर्षांच्या पोराला तेरा-चौदाच्या पोरांत सामावून घेणारा असा नियम कुठल्या शिबिरात आहे, दाखवा की.

आता गल्लीत दोन्ही अंगांना चारचाक्या लागल्यात, आणि फुटबॉल शिकवतात तेही वयोगट पाडून. त्यात लिंबूटिंबू संपलं. उपाय लई अवघड नाही. रविवारी चार ते सहा एक गल्ली मोकळी, दोन्ही तोंडांना बाकडी आडवी, गाड्या तीनलाच हलवायच्या. कट्ट्यावर पाळीपाळीनं दोन मोठी माणसं. त्यांनी पंच व्हायचं नाही, इथंच सगळं बिघडतं. पोरांची वादावादी सुरू झाली की कुणाचातरी बाप उठतो आणि निकाल देतो, मग पोरं भांडण मिटवायला शिकतच नाहीत. हातापायी नसेल तर दोन-तीन मिनिटं गप बसायचं.

खडूफळा (विशेष शिक्षिका):
लिंबूटिंबू हा गोड नियम आहे, पण त्याची मुदत सात-आठ वर्षांपर्यंतच. त्यापुढे मुलाला कळतं की आपल्याला धरलेलंच नाही. दिव्यांग मुलाला तर बाराव्या वर्षीही लिंबूटिंबू ठेवतात आणि त्याला समावेशन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की वेगळ्या गटांची माणसं नुसती जवळ आणून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा बरोबरीचा लागतो, ध्येय एक लागतं, ते एकमेकांच्या मदतीनं गाठावं लागतं, आणि वरच्यांचा, म्हणजे इथे गल्लीतल्या मंडळाचा, उघड पाठिंबा लागतो. लिंबूटिंबूत पहिलीच अट मोडते.

म्हणून सूट एका मुलाला देऊ नका, डावाचा नियमच बदला. लगोरीत सातऐवजी चार चपट्या, मोठ्या फरशा घ्या. हातात जोर कमी असलेल्या मुलालाही त्या रचता येतात. कमी दिसत असेल तर पिवळा, आत घुंगरू घातलेला कापडी चेंडू. नेम सगळ्यांनीच सहा फुटांवरून धरायचा. शिट्टीऐवजी लाल रुमाल वर, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही डाव थांबल्याचं त्याच क्षणी कळतं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला डावाचा क्रम चार चित्रांत आधी दाखवा, आणि संपायच्या पाच मिनिटं आधी व एक मिनिट आधी सांगा. अचानक ‘चला, झालं’ म्हटलं की ते कोसळतं आणि लोक त्याला हट्ट समजतात. बसायला एक शांत कोपरा ठेवा, पण तिथं ‘जा, बस जा’ म्हणून पाठवू नका. तो त्याच क्षणी शिक्षेचा होतो.

शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळांत घ्यायला लावलं. त्या गावात एवढं अवघड वाटू नये.

लाल माती:
सगळं वाचलं. ह्यानं पोरं मऊ पडणार. तालमीत चितपट झालेल्या पोराला वस्ताद ‘तुला कसं वाटतंय’ विचारत नाही, ऊठ म्हणतो. रडणाऱ्याला कुरवाळलं की रडणं वाढतं, साधं गणित आहे. आमच्या पिढीला कुणी भावनांचे शब्द शिकवले नव्हते.

मनमोकळं (समुपदेशक):
वस्ताद विचारत नाही हे खरं, पण करतो काय तेही लिहा की दादा. रोज ठरल्या वेळेला हजर असतो. कोणता पाय सरकला ते नेमकं दाखवतो. हरलेल्याला दुसऱ्या दिवशी परत मातीत उतरवतो. दिवेलागणताईंनी हेच सतरंजीवर करायला सांगितलंय.

गणितातली चूक सांगतो. रडल्यावर मोबाइल किंवा चॉकलेट मिळालं तर रडणं वाढतं, कारण मोबदला मिळाला. रडण्याला नाव दिल्यानं वाढत नाही. ‘चेंडू नेला म्हणून चिडलास. मारायचं नाही.’ एवढी दोन वाक्यं, ह्याच क्रमानं, आणि मग गप्प. हात उगारला तर हात धरायचा, घट्ट पण न पिरगाळता. तिसऱ्या वाक्यापासून प्रवचन सुरू होतं आणि किंचाळणाऱ्या मुलाच्या डोक्यात ते शिरत नाही. कारणमीमांसा अर्ध्या तासानं, पाणी पिऊन झाल्यावर. ‘बायकांसारखा काय रडतोस’ ऐकलेला मुलगा दहाव्या वर्षापर्यंत घरात रडणं थांबवतो, एवढंच होतं. उरते फक्त चीड, कारण मुलग्याला तेवढीच माफ असते.

आईबाप ओरडणारच, त्यात नवल नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आईनं काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला. बाळानं आधी हसून, हात पुढे करून तिला बोलावलं आणि मग ते कोमेजलं. त्यांच्याच पुढच्या कामातून दिसलं की चांगल्या घरांतही आई-बाळाची लय बराच वेळ चुकलेली असते. ती पुन्हा जुळवली जाते की नाही, ह्यावर पुढचं ठरतं. तेव्हा माफी त्याच दिवशी, आणि ‘पण’ न लावता: ‘मी ओरडलो. तू भेदरलास. चूक माझी.’ ‘पण तूसुद्धा...’ आलं की माफी वाया गेली.

लाल माती:
माफीचं बघतो. पण शिस्तीचं काय? शाळेत आता छडीसुद्धा नाही.

मनमोकळं:
छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ नं गेली, आणि त्याच कलमानं मानसिक छळही बंद केला. ‘ढ’ म्हणून वर्गात उभं करणं त्यात येतं. शिस्त म्हणजे ठरलेलं पाळणं. घरात चार नियम असतील आणि चारही रोज पाळले जात असतील तर ती शिस्त. वीस नियम मूडप्रमाणे चालले तर तो नुसता धाक.

दुसरी पाळी:
इथे सगळे साडेपाचला घरी येणारे दिसतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात. दर आठवड्याला पाळी फिरणाऱ्या माणसानं तुमची पंधरा मिनिटं कुठं बसवायची?

दिवेलागण:
रास्त प्रश्न. घड्याळ सोडा, क्रम धरा: ‘जेवणानंतर’, ‘उठल्यावर’, ‘आंघोळीच्या वेळी’. सहा वर्षांखालच्या मुलाला ‘सेकंड शिफ्ट’ कळत नाही, रंग कळतो. फ्रिजवर आठवड्याचा तक्ता, तीन पाळ्यांना तीन रंग, आणि आज कोणता ते मुलानंच चुंबकानं दाखवायचं. मूल खेळात असताना मागच्या दारानं सटकायचं नाही. त्या वेळी रडणं टळतं, पण पुढे मूल सतत पायात घुटमळतं, कारण आई-बाबा कधीही नाहीसे होतात हे त्याला कळलेलं असतं. अर्ध्या मिनिटाचा ठरलेला निरोप पुरतो, मग ते रडलं तरी चालेल.

दहा वर्षांपुढच्या मुलांना समोरासमोर बसवू नका, ती चौकशी वाटते. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर चालत जाऊन या. शेजारी चालताना, डोळ्यांत न बघता, पोरं जास्त बोलतात. स्कूटरवर मात्र लहान मूल मागे बसवून ‘आम्ही बोलतो की’ म्हणू नका. हेल्मेट आणि वाऱ्यात कुणाला काही ऐकू येत नाही.

हातवारे:
खडूफळाताईंचं शाहू महाराजांचं उदाहरण मनाला भिडतं, पण इथे बसत नाही. जातीची भिंत माणसांनी घातलेली होती, ती पाडायचीच होती. कर्णबधिर मुलाला भाषाच वेगळी लागते. पन्नासांच्या वर्गात एकटं कर्णबधिर मूल, खुणांची भाषा जाणणारं आसपास कुणी नाही. त्याच्याइतकं एकटं कुणीच नसतं. अशा मुलाला आधी आपल्यासारख्यांची शाळा हवी. सरसकट समावेशनाच्या घोषणेनं त्याचं नुकसान होतं.

घरातही हेच. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात आणि ते पाणी, जेवण, शू एवढ्याच खुणा शिकून थांबतात. ‘का’, ‘उद्या’, ‘परत येणार’, ‘लाज वाटली’ ह्या खुणा नसतील तर मुलानं मनातलं सांगायचं कशानं? जेवताना एका वेळी एकानंच बोलायचं, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा. सगळे हसले आणि मुलानं ‘काय झालं?’ विचारलं, तर ‘काही नाही, नंतर सांगते’ कधीच म्हणायचं नाही. ते नंतर कधी येत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं.

खडूफळा:
मान्य, आणि माझं वाक्य सैल होतं. शाळा त्यांची असू दे, रविवारची गल्ली सगळ्यांची असू दे. गल्लीतल्या पोरांना दहा खुणा एका दुपारी येतात, आणि चोरून बोलायची भाषा म्हणून त्यांना त्या आवडतातही. वेगळ्या शाळेत गेलेल्या मुलाला गल्ली विसरते, यावर मात्र मी ठाम आहे.

आजोळ:
आजी-आजोबांचं नाव कुणीच काढलं नाही. अमेरिकेत मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना वीस प्रश्न विचारले: आजी-आजोबा कुठं वाढले, आई-बाबांची भेट कशी झाली, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे. ज्यांना उत्तरं जास्त येत होती ती मुलं मनानं जास्त स्थिर दिसली. उत्तरं पाठ करून घेतली तर उपयोग शून्य. ती वर्षानुवर्षं जेवताना, प्रवासात कानावर पडलेली असतात.

आपल्याकडे गोष्ट तयार आहे: महापूर. २००५, २०१९, २०२१. नुसतं ‘सगळं गेलं’ सांगितलं तर मूल भितं, ‘आम्ही काही डगमगलो नाही’ सांगितलं तर त्याला ते खोटं वाटतं. पाणी कुठवर आलं, काय गेलं, होडी कुणी आणली, कुणाच्या घरी राहिलो, चूल परत कधी पेटली, हे सगळं एका दमात सांगा. जुलैत मूल ‘पाणी येणार का?’ विचारतं तेव्हा ‘छे रे’ म्हणू नका, आकडा दाखवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आजची पातळी अमुक. ३९ ला आपण पिशवी भरणार, त्यापुढे मामाकडे जाणार. मुलाची पिशवी मुलानंच भरायची: एक खेळणं, रोजची चादर, बॅटरी. आणि बातम्यांचं चॅनेल बंद. तीच होडी, तेच पाणी दिवसभर फिरत राहतं आणि लहान मुलाला प्रत्येक वेळी तो नवा पूर वाटतो.

पेठकरी:
आजोबांचा मुद्दा एक नंबर. खडूफळाताई, गल्लीचं जमवतो. गणपतीचं सांगा. चाकाच्या खुर्चीतलं पोरगं दरवर्षी मंडपाखालीच राहतं. आमचा चौथरा दोन फुटी, गल्ली पंधरा फुटी. उतार करायचा कसा?

खडूफळा:
एकास बारा. दोन फूट उंचीला चोवीस फूट लांबी. नुसती फळी टेकवली की खुर्ची मागे उलटते. उतार गल्लीला आडवा न घालता लांबीला समांतर घाला. बारा फुटांवर पाच फूट लांब आणि दोन्ही उतार मावतील एवढा रुंद सपाट टप्पा, आणि तिथून उलट वळण. रुंदी तीन फुटांच्या खाली नको, चार मिळाली तर उत्तम. दोन्ही कडांना तीन इंची पट्टी. वरचं मॅट ठोकून बसवा, सैल कार्पेट पुढच्या चाकात गुंततं. आणि वर आलेल्या मुलाला नुसतं दर्शन घडवून खाली नेऊ नका. प्रसादाचं ताट त्याच्या मांडीवर द्या, रांग त्याच्यासमोरून जाऊ दे. आरतीनंतरचा पहिला तास स्पीकर बंद ठेवलात तर आवाज न सोसणारी मुलंही येतील.

चोवीस फूट बसत नसतील तर चौथराच एक फुटाचा करा.

पेठकरी:
स्पीकरवरून बैठकीत राडा होणार. चौथऱ्याचं मंडपवाल्याला उद्याच विचारतो.