जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स सेडान घेताना आधी काय बघाल, टायर की इंजिन?

चौथा_गिअर (धागाकर्ता)

सुबारू डब्ल्यूआरएक्स, मित्सुबिशी एव्हो, ऑडी एस४ अशी चारही चाकांना ताकद देणारी जुनी गाडी बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. माझं म्हणणं, बॉनेट नंतर उघडा. आधी खाली बसून चारही टायर बघा.

मागे एक गाडी बघितली. रंग चकाचक, आवाज सुरेख. पुढचे टायर जवळजवळ कोरे आणि मागचे दुसऱ्याच कंपनीचे, झिजलेले. नक्षीची खोली मोजली तर पुढे ७ मिमी, मागे ४. तीन मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल. पण त्रिज्येत ३ मिमी फरक म्हणजे घेरात जवळजवळ १९ मिमी. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर हा एक टक्का झाला. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा मागची चाकं दर किलोमीटरला पाच फेरे जास्त मारणार. नुसत्या पुढच्या किंवा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला याचं काही वाटत नाही. इथे मात्र तो फरक मधल्या डिफरन्शियलला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या संचाला, सोसावा लागतो, गाडी चालू आहे तोवर सतत. पाच गिअरच्या मॅन्युअल डब्ल्यूआरएक्समध्ये तिथे व्हिस्कस कपलिंग असतं, म्हणजे घट्ट सिलिकॉन द्रवातून पुढची-मागची बाजू जोडणारा भाग. त्यातलं सिलिकॉन तापत राहतं आणि शेवटी कपलिंग जाम होतं. सुबारू उगीच सांगत नाही, की चार टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

मग गाडी चांगली गरम झाल्यावर मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. मी बघितलेली गाडी कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी अडत होती, टायर घासत होते. विकणारा म्हणाला, "ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, असंच असतं." अजिबात नसतं असं.

पिस्टन_रिंग

असहमत. डिफरन्शियल काढून दुसरं बसवता येतं. इंजिन गेलं की बहुतेक वेळा व्यवहारच बुडाला.

एसटीआयचं, म्हणजे डब्ल्यूआरएक्सच्या जास्त ताकदीच्या भावंडाचं, २.५ लिटरचं ईजे२५७ इंजिन घ्या. पिस्टनवर रिंग बसतात त्या खाचांमधली कड तुटणं हा त्याचा माहीत असलेला आजार. जास्त बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), चुकीचं ट्यूनिंग, त्यातून नॉकिंग (इंधन अवेळी भडकणं) आणि कड गेली. वाईट हे, की अशी गाडी तरीही चालते, ओढतेसुद्धा. फक्त ऑइल पीत राहते. टायर बघून हे कळणार आहे का?

म्हणून लीकडाउन टेस्ट करा. सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरायची, किती गळते ते मीटरवर बघायचं आणि कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग किंवा पिस्टन. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. एकच सिलिंडर बाकी तिघांपेक्षा फार वेगळा निघाला तर ती गाडी सोडून द्या.

आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा आवाज तुमच्यापासून लपवलाय असं समजा.

निळी_सेडान

पिस्टन_रिंग यांच्याशी सहमत. साधारण २००३ ते २००८ च्या ऑडी एस४ मधल्या ४.२ लिटर व्ही८ ची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनचे प्लास्टिकचे गाइड झिजले की इंजिन बाहेर काढूनच काम होतं. थंड असताना पहिले काही सेकंद जो खडखडाट येतो तो ऐकायचा. गरम गाडीत तो दबून जातो.

मूळ_रूप

रिमॅप केलेली (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली), टर्बो किंवा सायलेन्सर बदललेली गाडी बघायलाच जाऊ नका. फक्त स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी गाडी घ्या. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

बूस्ट_गेज

हे मला मुळीच पटत नाही. गाडी विकायच्या आधी पुन्हा स्टॉक करायला एक दिवस पुरतो. इंटेक पाइपचे क्लॅम्प नवे आणि आजूबाजूचं सगळं जुनं, एक्झॉस्टचे नट ताजे खोललेले, हे बघा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून बघा. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच करायच्या तपासण्या, "अपूर्ण" दाखवत असतील तर मेमरी नुकतीच पुसलेली आहे, नाहीतर बॅटरी काढलेली आहे. काय ते विचारा. यापेक्षा मला तो मालक परवडतो जो ट्यूनिंगची बिलं, डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद आणि काढलेले मूळ पार्ट समोर ठेवतो. काय केलंय हे कळलं की काय तपासायचं हेही कळतं.

मूळ_रूप

बिलं ठेवणारे किती भेटले तुम्हाला? मला आजवर एक. बाकी सगळे "मित्राने ट्यून केली" म्हणणारे.

पिस्टन_रिंग

चौथा_गिअर, तुमच्या टायरच्या कसोटीत मोठं भोक आहे. विकणारा चार कोरे टायर चढवेल आणि तुम्ही खूश होऊन उठाल.

चौथा_गिअर

बरोबर आहे, हे मी लिहायला हवं होतं. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर अगदी ताजे असतील तर जुने कुठे आहेत ते विचारायचं. पण कपलिंगचं झालेलं नुकसान नवे टायर भरून काढत नाहीत, गोल फिरवल्यावर ते दिसतंच. लीकडाउनला माझा विरोध नाही. पण त्याला मेकॅनिक लागतो, प्लग काढायला मालकाची परवानगी लागते. टायर आणि गोल फेरीला दहा मिनिटं लागतात. पाच गाड्या बघायच्या असतील तर तीन तिथेच गळतात. उरलेल्या दोघींवर वेळ आणि पैसा घाला.

मधला_डिफ

गोल फेरीबद्दल एक राहिलं. एसटीआयमध्ये मधलं डिफरन्शियल किती लॉक करायचं हे ड्रायव्हरच्या हातात असतं. ते लॉकवर ठेवलेलं असेल तर धडधाकट गाडीही अडखळेल. आधी ऑटोवर आणा, मग फिरवा. एव्हो १० ला याच यंत्रणेचा हायड्रॉलिक पंप मागच्या चाकाजवळ असतो आणि गंजून बंद पडतो. इग्निशन चालू केल्यावर डॅशबोर्डवर एडब्ल्यूसीची (चारही चाकांच्या ताकदीवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेची) सूचना येते का, ती थोडं चालवल्यावर परत येते का, ते बघा. आणि हॅल्डेक्सवाली गाडी (गरजेप्रमाणे दुसऱ्या अ‍ॅक्सलला ताकद देणारं क्लच-कपलिंग असलेली) असेल तर हॅल्डेक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं त्याचं वेगळं बिल मागा. ते इंजिन ऑइलबरोबर बदलत नाहीत, त्यामुळे बऱ्याच जणांचं राहून जातं.

नवा_ग्राहक

शनिवारी एसटीआय बघायला जातोय. थंड ठेवायला आत्ताच फोन करून सांगितलं. मालक म्हणाला, "कशाला?"

पिस्टन_रिंग

तर मग लीकडाउन करूनच घ्या.