मदत हवी आहे: जुनी १२ इंची कॅसेग्रेन दुर्बीण, ३० सेकंदांच्या फोटोत तारे लांबट (गोवा)

ताळगावपठार:
मंडळी, विद्यापीठाच्या वेधशाळेतली जुनी १२ इंची क्लासिकल कॅसेग्रेन दुरुस्त होऊन परत चालू झाली आहे. एफ/१५, फोकल लांबी साधारण ४५७५ मिमी. आरशांवर नव्याने ॲल्युमिनियम चढवलं, कोलिमेशन (आरशांची एकमेकांशी जुळणी) व्यवस्थित आहे. माउंट (दुर्बिणीची फिरती बैठक) जर्मन इक्वेटोरियल, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती ताऱ्यांमागे फिरणारा, काँक्रीटच्या खांबावर, आर.ए.च्या (पूर्व-पश्चिम फिरण्याच्या) वर्म गिअरला, म्हणजे वर्म या स्क्रूने फिरणाऱ्या चाकाला, ३६० दाते. मोटर मूळचीच, २३० व्होल्टवरची सिंक्रोनस (विजेच्या फ्रीक्वेन्सीवर वेग ठरणारी). कॅमेरा रंगीत, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा, थंड होणारा, पिक्सेल ३.७६ मायक्रॉन.

१० सेकंदांत तारे जवळपास गोल येतात, ३० सेकंदांत रेघा, त्याही तिरक्या. ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश वर; उत्तरेला माडांची रांग, त्यामागे पणजीचा उजेड. ध्रुवतारा फटीतून दिसतो तेवढ्यावर अक्ष ध्रुवाकडे रोखण्याची अलाइन्मेंट केली आहे. ऑटोगायडर (तारा बघून माउंटची चूक आपोआप सुधारणारा कॅमेरा) घेतला तर भागेल का? एम ४२ (मृगातला तेजोमेघ) आणि एम ३१ (देवयानी दीर्घिका) घ्यायचे आहेत.

वर्मगिअर:
गायडरचे पैसे आत्ताच घालू नका. रेघा तिरक्या आहेत म्हणजे किमान दोन दोष एकत्र आहेत. आधी ते वेगळे काढा.

तुमचा स्केल (एका पिक्सेलमध्ये मावणारं आकाश) पिक्सेलला ०.१७ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). वर्मचा दर फेरीला होणारा दोष नुसता ±५ आर्कसेकंद असला (जुन्या माउंटला हे चांगलंच म्हणायचं) तरी वाईट क्षणी ३० सेकंदांत तारा ४ आर्कसेकंद, म्हणजे २३ पिक्सेल सरकतो.

आधी कॅमेरा सरळ करा. एक्स्पोजर चालू असताना ५-१० सेकंद मोटर बंद ठेवा. तारा जी रेघ ओढेल ती आर.ए.ची दिशा, ती फ्रेमच्या कडेला समांतर होईपर्यंत कॅमेरा फिरवा. मग खगोलीय विषुववृत्ताजवळचा, मध्यमंडलावरचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवरचा) तारा धरा (इथे तो दक्षिणेला ७४ अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावर) आणि १० सेकंदांच्या फ्रेम सलग ४० मिनिटं घ्या. ताऱ्याची जागा आलेखावर मांडा. डेक्लिनेशनमध्ये (उत्तर-दक्षिण दिशेत) सरळ उतार असेल तर दोष दिगंशाचा (अक्ष पूर्वेला किंवा पश्चिमेला वळलेला). आर.ए.मध्ये ४ मिनिटांची लाट असेल तर वर्मचा. आर.ए.मध्ये एकाच दिशेने सरळ उतार असेल तर मोटरचा वेग चुकतोय. मोटरवर आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेला असतो, तोही कळवा.

चाचणीआधी आर.ए.चं संतुलन पूर्वेकडे किंचित जड ठेवा, म्हणजे दाते एकाच बाजूने टेकलेले राहतात. वर्मवरचं जुनं ग्रीस खाऱ्या हवेत घट्ट झालं असेल तर केरोसीनने धुऊन नवं लिथियम ग्रीस लावा.

चवथीचा_चंद्र:
लक्ष्यं बदला. तुमची फ्रेम साधारण १८ × १२ आर्कमिनिटांची (६० आर्कमिनिटं म्हणजे एक अंश). एम ३१ तीन अंश लांब, त्याचा फक्त गाभा येईल; एम ४२ मधून ट्रॅपेझियम (मधले चार तारे) आणि भोवतीचा तुकडा. एफ/१५ ही लहान, तेजस्वी वस्तूंची दुर्बीण आहे: डिसेंबरात एम १ (खेकडा तेजोमेघ), जानेवारीत एनजीसी २३९२ (ग्रहीय तेजोमेघ), पुढे पहाटे एम १०४ (सोम्ब्रेरो दीर्घिका). पहिल्या दोन्ही इथे डोक्यावर येतात, आणि ऐन तेव्हाच जर्मन माउंटला मेरिडियन फ्लिप (दुर्बीण खांबाच्या दुसऱ्या बाजूला उलटवणं) करावा लागतो. कॅमेऱ्याची मागची बाजू खांबाला आपटत नाही ना, हे दिवसा हाताने फिरवून बघून ठेवा.

सीइंग (हवेच्या थरथरीने ताऱ्याचं पसरणं) अडीच आर्कसेकंद धरलं तर ०.१७ चा काहीच उपयोग नाही. ४×४ बिनिंग (१६ पिक्सेल मिळून एक) करा, ०.६८ मिळेल. सेन्सर ० अंशावर ठेवला तरी पुष्कळ. आपल्याकडच्या दमट हवेत त्याहून खाली नेलात आणि कॅमेऱ्यातली ओलावा शोषणारी सिलिका जेल ओली असली की मधोमध बर्फाचा डाग. मोठ्या आरशाला बाहेरच्या तापमानाशी जुळायला वेळ लागतो, तेव्हा डोम संध्याकाळीच उघडा.

ताळगावपठार:
चाचणी झाली. डेक्लिनेशनमध्ये तारा दक्षिणेकडे, मिनिटाला सुमारे ४ आर्कसेकंद. आर.ए.मध्ये ४ मिनिटांची लाट आहेच, शिवाय पश्चिमेकडे मिनिटाला अडीचच्या आसपास सरळ सरक. मोटर १/४ आरपीएम, थेट वर्मवर. दिगंशाचे बोल्ट एम १०, अक्षापासून २५० मिमीवर.

वर्मगिअर:
आता चित्र स्पष्ट आहे. दक्षिणेकडे सरक म्हणजे अक्ष पूर्वेकडे गेलाय. दर आर्कमिनिट चुकीला मिनिटाला ०.२६ आर्कसेकंद, म्हणून ४ म्हणजे साधारण १५ आर्कमिनिटं. एम १० चा पिच १.५ मिमी, २५० मिमीवर एक फेरा म्हणजे २० आर्कमिनिटं. पश्चिमेकडे पाऊण फेरा द्या: समोरचा बोल्ट आधी सैल, मग हा घट्ट. पुन्हा मोजा. नंतर पूर्वेकडचा तारा धरून उंची तपासा. तोही दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे.

पश्चिमेची सरक तर मोटरमध्येच आहे. १/४ आरपीएम गुणिले ३६० दाते म्हणजे बरोबर २४ तासांत एक फेरी. ताऱ्यांना लागतात २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. फरक मिनिटाला २.५ आर्कसेकंद, तुम्ही मोजलात तोच. मोटर खराब नाही, ती सूर्याच्या वेगाने फिरतेय. तिला ५०.१४ हर्ट्झ हवेत, आणि ग्रिडची फ्रीक्वेन्सी तर ५० च्या आजूबाजूला सतत हलते. ती मोटर काढा, स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) बसवून तिला चालवणारा ऑनस्टेप कंट्रोलर लावा. लाट उरेल, तिच्यासाठी मग गायडर. तोही ऑफ-ॲक्सिस (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश घेणारा) घ्या. एवढ्या लांब नळीवर वेगळी गाइड दुर्बीण बांधली तर दोघी वेगवेगळ्या वाकतात.