सावंत काकूंचं न्यूयॉर्कचं विमान आणि गेटजवळची गाडी

सचिव (ए-101): काकू, टॅक्सी गेटच्या आत घ्यायची आहे ना? कधी ते सांगा, वॉचमनच्या वहीत लिहून ठेवतो.

सावंत काकू (बी-404): रविवारी रात्री. तिकिटावर रविवार 18, 01:40 आहे. आणि पोचणार त्याच दिवशी 07:10 ला! साडेपाच तासांत अमेरिका? आमची कोकणकन्या सावंतवाडीला त्याहून जास्त वेळ घेते.

प्रथमेश (सी-203): 😂 काकू, 07:10 तिथली सकाळ. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. साडेपाच अधिक साडेदहा, झाले 16 तास.

सावंत काकू: सोळा तास बसून?? माझे गुडघे!

प्रथमेश: अंतरच साडेबारा हजार किलोमीटर आहे. इजिप्त, मोरोक्को करत जायचं.

कॅप्टन काका (ए-502): प्रथमेश, ते भिंतीवरच्या नकाशात. घरात मोसंबं आहे का? त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्कला दोन टिंबं काढ आणि दोरा ताणून लाव. दोरा वर उत्तरेला सरकतो. रशिया, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग खाली. तीस वर्षं बोटीवर हेच गणित केलं.

प्रथमेश: मोसंबं नाही, नारळ आहे. चालेल?

कॅप्टन काका: शेंडी काढून घे. अर्थात विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद, म्हणून आधी समुद्रावरून वळसा.

जोशी (बी-201): टँकर आला आहे. मोटर लावतोय.

सावंत काकू: लेक म्हणते येताना 14 तासच लागतात. येताना उतार असतो का?

कॅप्टन काका: उतारच म्हणा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. थंडीत त्याचा जोर जास्त. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर.

सचिव: छान माहिती. तर वॉचमनला रविवार रात्र सांगतो.

कॅप्टन काका: थांबा थांबा. काकू, 01:40 ना? 13:40 नाही?

सावंत काकू: 01:40. रात्रीचे पावणेदोन. म्हणून तर रविवारी रात्री.

कॅप्टन काका: अहो, मध्यरात्रीनंतर तारीख बदलते. 18 चे 01:40 म्हणजे शनिवारची रात्र! रविवारी रात्री सहारला गेलात तर विमान गेलेलं असेल.

प्रथमेश: बाप रे. माझ्या मामाचं दुबईचं विमान असंच चुकलं होतं.

सचिव: बदललं. शनिवार 17. तीन तास आधी, म्हणजे रात्री 10:40 ला टर्मिनल 2 वर. मुलुंडहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची गर्दी धरून सव्वानऊला निघा. गाडी नऊला बी विंगसमोर.

सावंत काकू: अगं बाई! मी दूधवाल्याला सोमवारपासून बंद सांगितलंय. जोशी वहिनी, रविवारची पिशवी तुम्ही घ्या.