पळायला आवडत नाही, तरी सवय कशी लावायची?

उंबरठा
वय ३८, बैठं काम, रक्तदाब-साखर ठीक. पळणं सुरू करून सोडलं, असं चारदा झालंय, दरवेळी तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. न थांबता दोन किलोमीटर ठरवतो, पाचव्या मिनिटाला धाप लागते, उरलेलं अंतर रेटून काढतो. पुढच्या वेळी बूट बघूनच नको होतं. वेळ कमी आहे आणि दाराबाहेर पडलं की सुरू करता येतं, म्हणून पळणंच हवंय. 'हळूहळू आवडायला लागेल' हे ऐकून झालंय. आवडलं नाही तरी टिकेल असं काही सांगा.

संथलय
पाचव्या मिनिटाला धाप लागते म्हणजे तुमच्यात दम नाही असं नाही, वेग जास्त आहे. शाळेत शर्यतीत पळायचो तसंच पळायचं असतं, असं बहुतेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. श्वास अनावर होतो त्या रेषेच्या अलीकडे कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही. पलीकडे मात्र जवळजवळ सगळ्यांनाच वाईट वाटतं. पँटेलिमॉन एकेकाकिस या संशोधकाचं बरंच काम याच मुद्द्यावर आहे. तुम्ही प्रत्येक वेळी रेषेपलीकडे जाता आणि मग पळणं आवडत नाही म्हणता. कदाचित खरंच आवडत नसेल, पण ते अलीकडे राहून तपासलेलं नाही.

सुरुवात अशी करा: ५ मिनिटं भरभर चालणं. मग १ मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं, असं ८ वेळा. शेवटी ५ मिनिटं रमतगमत चालणं. एकूण अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. 'काउच टू फाइव्ह के' नावाचा जोश क्लार्क यांचा १९९६ चा कार्यक्रम आहे, त्याचा पहिला आठवडा जवळपास असाच. तो ९ आठवड्यांचा आहे, पण तारखेप्रमाणे पुढे सरकू नका. त्यात पाचव्या आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी ८-८ मिनिटांचे दोन तुकडे आहेत आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात गळणाऱ्या माणसाला ही उडी नको.

त्याऐवजी पायऱ्या: २ मिनिटं पळणं आणि दीड चालणं सहा वेळा, ३ आणि दीड पाच वेळा, ५ आणि २ तीन वेळा, ८ आणि २ दोन वेळा, मग १०-१० मिनिटं, मध्ये एक मिनिट चाल. शेवटच्या तुकड्यातही आठ-दहा शब्दांचं वाक्य एका दमात बोलता आलं, असं सलग तीन वेळा जमलं की वरची पायरी. नाही जमलं तर तीच पायरी पुन्हा, महिनाभर लागला तरी. बोलून बघायची लाज वाटत असेल तर तोंड मिटून नाकाने श्वास घ्या. नाक पुरेनासं झालं की वेग उतरवा.

मनगटी घड्याळ दाखवतं त्या हृदयाच्या ठोक्यांवर विसंबू नका. जास्तीत जास्त ठोक्यांसाठीचं '२२० वजा वय' हे सूत्र तुम्हाला १८२ देईल, पण त्यात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. वेगाचा आकडाही पहिली काही मिनिटं वेडावाकडा उड्या मारतो.

आणि शेवट जोरात पळून करायचा मोह आवरा. झेंको, एकेकाकिस आणि एरिअली यांच्या २०१६ च्या अभ्यासात (सायकलवर होता, पण मुद्दा लागू पडतो) जोर उतरता ठेवला तेव्हा तो व्यायाम नंतर जास्त सुखद म्हणून लक्षात राहिला, चढता ठेवला तेव्हा कमी. बूट बघून नको वाटतं ते या आठवणीमुळेच.

रोजमेळ
वेगाचं वर आलंच आहे. सवयीचं बोलतो.

'सकाळी जमलं तर जाईन' यातल्या 'जमलं तर'मध्येच सगळं बुडतं. जर-तर ठरवा: दात घासून झाले की बूट घालायचे. घड्याळातली वेळ हुकते, रोज हमखास घडणारी गोष्ट हुकत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा जर-तर ठरावांवर बरंच काम केलंय.

२१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मात्र त्या सवयी रोजच्या होत्या, तुम्ही पळणार तीनदा. म्हणजे ६६ वेळा व्हायलाच २२ आठवडे. म्हणून मधल्या दिवशीही त्याच खुणेला, म्हणजे दात घासून झाले की, बूट घालून १० मिनिटं चालून या. पायांना विश्रांती मिळते, खूण मात्र रोज पक्की होते. तिसऱ्या आठवड्यात सुटतं त्यात नवल नाही, तेव्हा सवय लागलेलीच नसते आणि नव्याचे नऊ दिवस सरलेले असतात.

किमान हप्ता ठरवा: १० मिनिटं. बाहेर पडायचं, दहा मिनिटांनी नकोच वाटलं तर परत फिरायचं, आणि तो दिवस 'झाला' म्हणूनच लिहायचा. हिशेब मिनिटांचा ठेवा, किलोमीटरचा नको. किलोमीटर लिहिले की वेग आपोआप वाढतो.

रस्ता सरळ जाऊन परत यायचा निवडा. घराभोवती फेऱ्या मारल्या तर प्रत्येक फेरीला आपलं दार दिसतं आणि मन वळतं.

कानात ऐकायला एखादी मालिका ठेवा, पण ती फक्त पळतानाच. केटी मिल्कमन यांच्या २०१४ च्या प्रयोगात अशा अटीने लोक व्यायामशाळेत जास्त गेले, मात्र सणाच्या सुट्टीनंतर परिणाम ओसरला. तेव्हा मोठ्या सुट्टीनंतर नवीन मालिका घ्या. रहदारी असेल तर एक कान मोकळा.

उंबरठा
दोन आठवडे पायऱ्यांप्रमाणे केलं. धाप नाही, हे मान्य. पण आता किलोमीटरला ९ मिनिटं लागतात, भरभर चालणारे पुढे निघून जातात. मग चाललेलंच काय वाईट? दुसरं, दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला दुखतंय.

पायाखाली
आधी नडगी. वीतभर पट्ट्यात दुखत असेल, सुरुवातीला जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी, तर तो वाढलेल्या भाराचा त्रास. एका बोटाने नेमकी दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर. हाडाला बारीक तडा असू शकतो. अशा वेळी 'थोडं सहन करू' हा शहाणपणा नाही.

पहिला प्रकार असेल तर पळण्याची मिनिटं आठवडाभर निम्मी करा, चालणं तेवढंच ठेवा. चालतानाही दुखत असेल तर पळणं पूर्ण थांबवा. दिवसाआड पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, १५ वेळाचे ३ फेरे, आधी गुडघे सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. वाकवल्यावर पोटरीतला खोलवरचा स्नायू काम करतो, आणि नेमका तोच लोक विसरतात.

मग पावलं मोजा. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजून चारने गुणा, की मिनिटाची पावलं मिळतात. १५० आले तर १५८ पर्यंत न्या, म्हणजे साधारण पाच टक्के, वेग तोच ठेवून. पाऊल आखूड होतं आणि पुढे फेकलं न जाता शरीराखाली पडतं. हायडरशाइट आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात पावलं ५ ते १० टक्के वाढवल्यावर गुडघ्यावरचा भार कमी झालेला दिसला. सगळ्यांना सरसकट १८० करायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

बुटात उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पाय दिवसभरात थोडे फुगतात, म्हणून संध्याकाळी घालून बघा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदला.

आता 'चालणं काय वाईट'. किलोमीटरला ९ मिनिटं म्हणजे ताशी ६.७ किलोमीटर. ताशी सातच्या आसपास शरीर आपसूक चालण्यावरून पळण्यावर येतं. तुम्ही त्या सीमेवरच आहात, म्हणून अवघड वाटतं. पण पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात, आणि पाय टेकतो तेव्हा वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. चालताना तो वजनापेक्षा थोडाच जास्त. म्हणूनच नडगी कुरकुरते: श्वास काही आठवड्यांत सुधारतो, हाडं आणि स्नायूबंध मागून येतात. दम आहे म्हणून पुढे जायचं नाही ते यासाठी.

वाटसरू
थोडा वेगळा सूर. पळणं तब्येतीसाठीच असेल तर चालणं कमी प्रतीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम आहे. तुमच्यासाठी पळण्याचा फायदा एवढाच की निम्म्या वेळात भागतं: २५ मिनिटं, तीनदा. तीन महिने नीट करूनही मन उबगलेलंच असेल तर सायकल किंवा पोहणं घ्या, त्यात हार नाही.

उंबरठा
दुखणं पट्ट्यातलंच आहे, आजपासून निम्मं करतो. प्रवासामुळे आठवडा-दोन आठवडे खंड पडला तर कुठून सुरू करायचं? दरवेळी तिथेच तुटतं.

संथलय
आठवडाभराचा खंड: त्याच पायरीवर. दोन-तीन आठवडे: दोन पायऱ्या खाली. महिन्याहून जास्त: पहिल्या पायरीपासून, पण आता दर तीन खेपांना एक पायरी चढायला हरकत नाही. ताप येऊन गेला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर आधी नुसतं चालून बघा. बुडालेल्या खेपा भरून काढायला सलग दोन दिवस पळू नका. नडगी पुन्हा धरेल. प्रवासात बूट सोबत असतील तर दात घासल्यावर ते घालून १० मिनिटं चाला, तेवढ्याने खूण राहते. आणि परतल्यावरची पहिली खेप आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, कारण 'सोमवारपासून' म्हटलं की आणखी चार दिवस जातात.