मदत हवी आहे: शोधनिकालात वर्णनाऐवजी भलताच मजकूर दिसतो

नमस्कार मंडळी. गुहागरला मामांचा होमस्टे आहे, त्याची साइट मी सांभाळते. गूगलवर शोधलं की नावाखाली 'सूचना : पावसाळ्यात बुकिंग बंद' एवढंच दिसतं. ही पट्टी प्रत्येक पानावर सगळ्यात वर आहे. आता ऑक्टोबर उजाडला, पट्टी काढली, तरी जुनंच दिसतंय. गिऱ्हाईक फिरकणार कसं?

मेटा डिस्क्रिप्शन (शोधनिकालात दिसावं म्हणून पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं वर्णन) प्रत्येक पानाला वेगळं लिहिलंय. पण गूगल ते वापरेलच असं नाही, शोधलेल्या शब्दांनुसार पानातलाच मजकूर उचलतं, हे वाचलंय. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातून पान पुन्हा तपासायची विनंतीही केली आहे.

पुढच्या पावसाळ्यात पट्टी परत लावावीच लागेल. तेव्हा तिच्या डिव्हला (कोडमधल्या तिच्या चौकटीला) डेटा-नोस्निपेट, म्हणजे 'हा भाग शोधनिकालात दाखवू नका' अशी खूण, लावलं तर पुरेल ना? पट्टी जावास्क्रिप्टने, म्हणजे पान उघडताना चालणाऱ्या कोडने, नंतर येते, म्हणून गूगलला ती खूण कळेल का ही शंका. सगळ्या पानाला नोस्निपेट लावायचं नाहीये, मग वर्णनच गायब होईल.

आणखी एक. लोक 'guhagar' असं रोमनमध्ये शोधतात, आमचं वर्णन मराठीत. दोन्ही लिप्या एकाच वर्णनात घालाव्यात, की इंग्रजी पान वेगळं करावं? मला दुसरं बरं वाटतं, पण मामा म्हणतात खर्च कशाला. कुणी केलं असेल तर सांगा.