बंदी घाला, पण कारण तरी दाखवा

सनावळी
रोज एक व्यंगचित्रांचं खातं बघायचो. परवा उघडलं तर चित्रांच्या जागी एकच ओळ: कायदेशीर मागणीवरून हे खातं भारतात रोखलं आहे. मागणी कुणाची, कुठल्या चित्रावर, पत्ता नाही. चित्रं काढणाऱ्यालाही तेवढंच कळलं.

घटनेच्या कलम १९(२) मध्ये बंधनाची कारणं मोजून दिलीत: देशाची सुरक्षा, सुव्यवस्था, बदनामी वगैरे. 'आम्हाला झोंबलं' हे त्यात सापडत नाही. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिण्याला शिक्षा करणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं, पण त्याच निकालात मजकूर रोखण्याचं कलम ६९अ टिकलं. कारणं लेखी नोंदवावी लागतात, म्हणणं ऐकून घेण्याची सोय आहे, हा त्यातला मोठा आधार. आता ६९अ राबवण्यासाठीच्या २००९ च्या नियमांतला १६ वा नियम वाचा. तक्रारीपासून कारवाईपर्यंत सगळं गोपनीय! कारण लिहिलंय, पण कुलुपात. मग कोर्टात जाऊन खोडायचं काय?

खमंग
वाचन पक्कं आहे तुमचं. राईनपाडा आठवतंय? १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, आठवडी बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सॲपवर आठवडाभर चाललेले. भिक्षा मागत हिंडणारे पाच जण तिथे पोचले आणि जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना मारून टाकलं. त्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं? तुमची नोटीस टाइप होईपर्यंत इकडे माणसं मरतात.

सनावळी
तिथे खातं ब्लॉक करून काय हाती लागलं असतं? मेसेज घराघरांतल्या ग्रुपांवर होते. त्या महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. त्यात कुणाचं तोंड बांधावं लागलं नाही.

आणि घाईची सोय त्याच नियमांतल्या ९ व्या नियमात आहेच: आधी रोखा, ४८ तासांत मागणी तपासणाऱ्या समितीपुढे न्या. मी फक्त नंतरची पावती मागतोय. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवर १० जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितलेच होते. मग एका व्यंगचित्राचं एवढं गुपित कशाला?

पाणचट
पावती मिळून तरी काय? २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यात ६६अ ही लावलं होतं. त्यातल्या एकीने नुसतं लाइक केलं होतं. ६६अ रद्द झालं तरी त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच होतं, २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केलं. कलम मेलं, पोलीस ठाण्यातल्या दादांना कुणी कळवलंच नाही 😄

उंबरठा
आदेश जाहीर करा म्हणणं सोपं आहे. माझ्या मैत्रिणीचा जोडतोड केलेला फोटो फिरला होता. आदेशात लिंक छापली असती तर उरलेल्यांनीही तो शोधून पाहिला असता.

सनावळी
हे मान्य. नाव, लिंक झाकून कारण छापता येतं, लैंगिक अत्याचाराच्या निकालांत पीडितेची ओळख झाकतातच की. पण तो फोटो ६९अ मध्ये बसतच नाही. त्यासाठी सोशल मीडिया कंपन्यांसाठीचे २०२१ चे नियम आले तेव्हाच मुदत घातली होती: तक्रारीपासून २४ तासांत कंपनीने काढायचा.

खमंग
म्हणजे बंधन हवंच, फक्त तुम्हाला पटेल तेवढं!

सनावळी
मला पटण्याचा प्रश्न कुठे आला? कोर्टात टिकेल तेवढं.

उंबरठा
२४ तास कागदावर. आम्हाला अकरा दिवस लागले. तिने तीनदा फॉर्म भरला, तिन्ही वेळा मिनिटाभरात तेच ठोकळेबाज उत्तर: आमच्या धोरणाचा भंग दिसत नाही. कुणी माणसाने तो फोटो उघडून तरी पाहिला का, देव जाणे. तोवर तो तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोचला होता. सरकारकडे कारण मागता, मागाच. या कंपनीकडे ते कुणी मागायचं?